मास्तरांची लाल पट्टी

सतरा नंबरचा ट्रक फाटकातून आत आला तो माणसाच्या चालीने. मागे रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती आणि जो तो हॉर्नवर हात ठेवून बसला होता. वर्कशॉपच्या दारात उभ्या असलेल्या मास्तरांनी आवाज ऐकला, ट्रकवरचा नंबर पाहिला आणि हातातला पाना बाकावर आपटला.

"आले! परत आले!"

दोन महिन्यांतली ही पाचवी खेप होती. या नव्या ट्रकांना डिझेलखेरीज आणखी एक गोष्ट पाजावी लागते. तिचं कागदावरचं नाव लांबलचक आहे, यार्डात सगळे तिला युरिया म्हणतात. दिसायला पाण्यासारखी. पंप ती टाकीतून ओढतो, एक बारीक नोझल तिचा फवारा सायलेन्सरमध्ये उडवतं, आणि त्याने म्हणे धूर निवळतो. फवारा नीट उडाला नाही की ड्रायव्हरसमोर पिवळा दिवा लागतो. दुर्लक्ष केलं की तो लुकलुकायला लागतो. तरीही ऐकलं नाही की गाडी जोर सोडते, आणि शेवटी अशी रांगत घरी येते. इंजिन ठणठणीत, टायर नवे, माल वेळेवर पोचवायचा, आणि गाडी का चालत नाही तर धूर स्वच्छ नाही म्हणून! मास्तरांच्या मते हे यंत्र नव्हतंच, हा नुसता रुसवा होता.

त्यात सतरा नंबर चालवणारा माणूस म्हणजे मास्तरांचा व्याही.

दुसरा कुणी ड्रायव्हर असता तर मास्तरांनी त्याची फाटकापासूनच हजेरी घेतली असती. त्यासाठी त्यांच्याकडे शब्दांचा चांगला साठा होता आणि तो वापरायला ते कधी कचरत नसत. पण ज्या घरात आपली लेक नांदते त्या घरच्या कर्त्या माणसाला "डोळे कुठे ठेवले होते?" असं विचारता येत नाही. त्यामुळे आलेला राग गिळायचा, आणि गिळलेला राग मास्तरांना कधीच पचत नसे.

व्याही खाली उतरले. ट्रकच्या डाव्या अंगाला जाऊन त्यांनी बॅटरीचा स्विच बंद केला, हात फडक्याला पुसले आणि ते मास्तरांसमोर येऊन उभे राहिले. उंच, वाळकुडे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं.

"मास्तर, दिवा लागला."

"दिसतंय."

"चढावर जोर गेला. त्याआधी मला असं वाटलं, की..."

"तुम्ही काही सांगू नका, व्याही. तुम्ही चहा घ्या. काय ते गाडी सांगेल."

हे मास्तरांचं ठरलेलं वाक्य होतं. ड्रायव्हर खोटं बोलतो, गाडी बोलत नाही. चौतीस वर्षं त्यांनी या एका तत्त्वावर काढली होती. दुरुस्तीच्या कार्डावर सगळ्यात वर 'चालकाचे म्हणणे' असा एक रकाना छापलेला असे. मास्तर कार्ड हातात घेताच त्या रकान्यावर आडवी रेघ मारत आणि मग कामाला लागत. रेघ इतकी सरळ यायची की नवीन माणसाला ती छापलेलीच वाटायची.

मास्तर हे काही त्यांचं नाव नव्हे. शाळेत ते सातवीपलीकडे गेले नव्हते. पण शिकवायची हौस दांडगी. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ते कुठलं बेअरिंग घासतंय ते सांगत, आणि सांगून झालं की ते का घासतंय यावर पंधरा मिनिटं बोलत. यार्डभर त्यांच्या हातच्या पाट्या होत्या. 'तेल सांडणाऱ्याने पुसावे.' 'पाना उसना मागू नये.' 'हात धुतल्याशिवाय स्टेअरिंगला शिवू नये.' अशा चौदा पाट्या, सगळ्या लाल रंगात, आणि वळणदार. त्या वाचून कुणी सुधारल्याचं ऐकिवात नव्हतं. उसना पाना मागणारे त्या पाटीलाच टेकून उभे राहून पाना मागत.

चौदांपैकी एक पाटी मात्र मास्तरांनी मनापासून लिहिली होती. वीस वर्षांपूर्वी यार्डात उभा असलेला एक ट्रक वायर तापून पेटला. ड्रायव्हर गाडी लावून गेला होता, बॅटरी चालूच होती. शेजारचे दोन ट्रक होरपळले आणि ते ओढून बाजूला काढताना मास्तरांच्या भुवया गेल्या. डावी भुवई नंतर आली ती अर्धीच. त्या आठवड्यात त्यांनी फाटकासमोर पाटी लावली, 'इंजिन बंद, लगेच बॅटरी बंद.' नुसत्या पाटीवर त्यांचं समाधान झालं नाही. याच मजकुराच्या लाल पट्ट्या छापून घेतल्या आणि प्रत्येक ट्रकच्या बॅटरीच्या स्विचजवळ स्वतःच्या हाताने चिकटवल्या. तीन वर्षांपूर्वी हे नवे ट्रक आले तेव्हाही पहिल्याच दिवशी, गाड्यांची पूजा व्हायच्याही आधी, त्यांनी एकोणीसच्या एकोणीस गाड्यांना पट्ट्या लावून टाकल्या. गाडीबरोबर आलेली माहितीची पुस्तकं कपाटात ठेवली. त्यांचं प्लास्टिक अजून फाटलेलं नव्हतं.

तर, पाचवी खेप. मास्तरांनी स्कॅनर लावला. पडद्यावर तोच कोड आला, 'फवारा अपुरा.' त्यांनी कपाळाला हात लावला.

पहिल्या खेपेला त्यांनी नोझल काढलं होतं. तोंडाशी पांढरे खडे साचून ते चोंदलं होतं. कोमट पाण्यात घातलं, खडे विरघळले, दिवा गेला. बारा दिवसांनी गाडी परत. नोझल नवीन घातलं. दहा दिवस. पंप बदलला. चौदा दिवस, आणि त्या चौदा दिवसांत मास्तरांनी पंपाच्या निदानाबद्दल तिघांना व्याख्यान दिलं होतं, ते तिघे आता त्यांच्याकडे पाहून गालात हसत. चौथ्या खेपेला फिल्टर आणि सायलेन्सरमधला सेन्सर, दोन्ही. नळ्या फुंकून पाहिल्या, वायर एकेक करून चाचपली. वर्कशॉपमध्ये गाडी दोन-दोन तास चालू ठेवली, बंद केली, परत चालू केली, स्कॅनर सगळा वेळ जोडलेला. फवारा असा छान की बघत राहावं. बाहेर गेली की दहा-बारा दिवसांत पुन्हा नोझलच्या तोंडाशी पांढरे खडे.

"माझ्यासमोर शहाण्यासारखी वागते," मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि मी नसलो की थेरं करते."

बाकीच्या अठरा गाड्यांना एकदा कधीतरी दिवा लागला असेल नसेल. आणि त्या चालवणारे एकेक नग! एकाने युरियाच्या टाकीचं झाकण हरवून तिथे चिंधी कोंबली होती. एक जण दिव्यावर काळी चिकटपट्टी लावायचा, म्हणजे दिसायला नको. त्यांच्या गाड्या पळत होत्या. आणि ज्याची गाडी आतून दवाखान्यासारखी स्वच्छ, जो पायातलं काढून केबिनमध्ये चढतो, त्याचीच रांगत होती. मास्तरांच्या अंगाची लाही लाही झाली.

तेवढ्यात मॅनेजरबाईंचा फोन आला. बाई तरुण होत्या, बोलायला मऊ होत्या, आणि एकच प्रश्न तीनदा विचारायची त्यांना सवय होती.

"मास्तर, पाचव्यांदा? कारण काय?"

"शोधतोय."

"हो, पण कारण काय?"

"बाई, शोधतोय म्हटलं ना."

"माल अर्ध्या वाटेत अडकलाय. मला वर उत्तर द्यायचंय. कार्डावर काहीतरी कारण लिहा. काय कारण आहे?"

फोन ठेवला तेव्हा मास्तरांचा पारा चढलेला होता, आणि नेमकी त्याच वेळी त्यांची नजर सतरा नंबरच्या केबिनमधल्या पांढऱ्या कॅनवर गेली. व्याही युरिया स्वतःच्या कॅनमधून भरत, दुसऱ्या कुणाला भरू देत नसत. का बरं? मास्तरांकडे युरिया तपासायची एक छोटी नळी होती. तिच्या काचेवर थेंब टाकून उजेडाकडे धरलं की पाणी किती ते कळतं. टाकीतला युरिया त्यांनी पाचही वेळा तपासला होता आणि पाचही वेळा तो बरोबर निघाला होता. पण तपासणीला आणायच्या दिवशी कोण पाणी घालून आणील? वाटेत घातलं असेल. साधं नळाचं. त्याचे खडे होत असतील.

आपण रागावलो आहोत हे मास्तरांना कळत होतं. तरी त्यांनी पेन काढलं, 'चालकाचे म्हणणे'वर नेहमीची रेघ मारली आणि खाली कारणाच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं, 'चालकाकडून युरियात पाणी मिसळले जात असल्याची शक्यता.' लिहून झाल्यावर जरा बरं वाटलं. कार्ड ऑफिसच्या पेटीत टाकून ते नोझल कोमट पाण्यात घालायला गेले आणि लिहिलेलं विसरूनही गेले.

शनिवारी दुपारी ते घरी जेवायला बसले होते, तेव्हा लेकीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही लिहिलंत?"

"काय लिहिलं?"

"माझ्या सासऱ्यांनी युरियात पाणी घातलं म्हणून."

मास्तरांचा घास हातातच राहिला.

"त्यांना सोमवारी ऑफिसात बोलावलंय, जाब द्यायला. पटेल असं उत्तर मिळालं नाही तर गाडी काढून घेणार आणि घरी बसवणार. बाबा, निवृत्तीला आठ महिने राहिलेत त्यांच्या. चाळीस वर्षांत एक ठपका नाही. काल घरी आले ते सरळ वरच्या खोलीत गेले, जेवलेसुद्धा नाहीत. मला एका शब्दाने बोलले नाहीत हो. बोलले असते तर बरं झालं असतं."

"अगं, मी शक्यता लिहिली. शक्यता!"

"मग ती शक्यता त्यांना समोर विचारायचीत ना! आता मी या घरात कुठल्या तोंडाने वावरू?"

मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला. लेक लहानपणापासून त्यांच्यासारखीच तापट, पण आज तिच्या आवाजात राग कमी होता आणि रडू जास्त होतं, आणि रडण्यापुढे मास्तर लुळे पडत.

"उद्या त्यांच्या गाडीत बसा," ती शेवटी म्हणाली. "दिवसभर बसा. मग काय लिहायचं ते लिहा."

फोन ठेवल्यावर बायकोने ताट पुढे सरकवलं. तिने सगळं ऐकलं होतं. "गाड्यांवर ओरडता तेवढं पुरत नव्हतं का? तुमच्या हातात पेन कुणी दिलं?"

"मॅनेजरबाईंनी."

"परत करून टाका," बायको म्हणाली.

रविवारी सकाळी मास्तर सतरा नंबरच्या केबिनमध्ये चढले. नोझल धुऊन बसवलेलं होतं, गाडी रिकामी होती, आणि बाईंनी चाचणीसाठी फिरवायची परवानगी दिली होती. व्याह्यांनी "या" म्हटलं, त्यापुढे दोन तासांत एक अक्षर नाही. मास्तरांनी बूट काढून मांडीवर घेतले होते, कारण ठेवायचे कुठे ते विचारायची सोय नव्हती. सीटच्या मागे तो पांढरा कॅन उभा होता, झाकणावर स्वच्छ फडकं बांधलेलं. मास्तरांच्या खिशात तपासायची नळी होती. आपण व्याह्याची झडती घ्यायला आलो आहोत या विचाराने त्यांना कानकोंडं झालं होतं, आणि कानकोंडं झालं की त्यांना आणखी राग येई. कुणाचा, ते आज कळत नव्हतं.

व्याही गाडी चालवत मात्र सुरेख. खड्डा दिसायच्या आधी वेग कमी, गिअर टाकताना आवाज नाही. असा माणूस टाकीत पाणी ओतील? मास्तरांनी मान खिडकीकडे वळवली.

चहाच्या टपरीशी ट्रक थांबला. व्याह्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि ते उतरले. मास्तर मुद्दाम मागे राहिले. व्याही दिसेनासे होताच त्यांनी कॅनच्या फडक्याची गाठ सोडली, नळी काढली, झाकणाला हात घातला. गाडी आता अगदी शांत होती. त्या शांततेत खालून कुठून तरी बारीक घुरघुर येत होती. हा आवाज मास्तरांच्या ओळखीचा होता. गाडी बंद केली की पंप नळ्यांमधला आणि नोझलमधला उरलेला युरिया उलटा ओढून टाकीत परत नेतो, त्याची घुरघुर. वर्कशॉपमध्ये ती बराच वेळ चाले, इतका की कुणी लक्षही देत नसे.

इथे ती तुटली. सुरू झाली न झाली, आणि कुणी तोंडावर हात ठेवावा तशी गप्प झाली.

मास्तर झाकण धरून तसेच बसले. मग दार ढकलून, बूट न घालताच खाली उतरले. व्याही डाव्या अंगाला बॅटरीच्या स्विचजवळ उभे राहून हात पुसत होते.

"तुम्ही आत्ता काय केलंत?"

"काय केलं?"

"स्विच! स्विच बंद केलात?"

"केला की. नेहमी करतो."

"उतरल्या उतरल्या? एवढी घाई कसली?"

व्याही त्यांच्याकडे बघत राहिले. "मास्तर, हे तुम्ही मला विचारताय? ती गाडी जळाली तेव्हा माझीच गाडी शेजारी होती. तुमच्या भुवया गेलेल्या मी पाहिल्यात. त्या दिवसापासून किल्ली काढली की आधी स्विच, मग दुसरं काम. वीस वर्षांत एकदा चुकलो नाही."

मास्तरांनी मनगटावरची बाही मागे सारली. "परत चालू करा," ते म्हणाले. "दहा मिनिटं चालवा, मग बंद करा. पण स्विचला हात लावू नका."

तसं केलं. इंजिन थांबलं. घुरघुर सुरू झाली. मास्तर ट्रकच्या कडेला अनवाणी उभे राहून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. एक मिनिट झालं. दीड झालं. दोन मिनिटांना थोडं कमी असताना आतून एक हलकी टकटक झाली आणि पंप आपण होऊन थांबला. त्याच क्षणी स्विचशेजारचा वाटाण्याएवढा दिवा विझला. तो दिवा मास्तरांनी तीन वर्षं पाहिला होता आणि कशाचा आहे असा विचार एकदाही केला नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी व्याह्यांची लांब पल्ल्याची, दिवसाला एखाद्या थांब्याची फेरी जाऊन त्यांना गावोगाव माल उतरवायचं काम मिळालं होतं. बारा दिवसांत किती थांबे? प्रत्येक थांब्याला थोडा युरिया नोझलमध्ये तसाच राहणार, गरम सायलेन्सरवर सुकणार, खडा धरणार. आणि वर्कशॉपमध्ये स्कॅनरला बॅटरी चालू लागते, म्हणून तिथे पंप प्रत्येक वेळी आपलं काम पुरं करणार, आणि गाडी शहाण्यासारखी वागणार. सगळं लख्ख होतं. इतकं लख्ख की मास्तरांना स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटली.

स्विचच्या वर त्यांची लाल पट्टी होती, 'इंजिन बंद, लगेच बॅटरी बंद.' तिचा एक कोपरा किंचित सुटला होता आणि खालून पिवळं काहीतरी दिसत होतं. मास्तरांनी नखाने कोपरा उचलला आणि पट्टी ओढली. खाली कंपनीची पट्टी होती. त्यांनीच तीन वर्षांपूर्वी तिच्यावर आपली चिकटवली होती, कारण तेवढीच जागा सपाट होती.

व्याह्यांनी खिशातून चष्मा काढला आणि सावकाश मोठ्याने वाचलं. "किल्ली बंद केल्यावर शेजारचा दिवा विझेपर्यंत बॅटरी बंद करू नये." चष्मा घडी घालून त्यांनी खिशात ठेवला. "हा दिवा कशाचा, म्हणून मी तुम्हाला विचारलं होतं एकदा. गाड्या नव्या आल्या तेव्हा."

"मी काय म्हणालो?"

"म्हणालात, 'नको तिथे डोकं चालवू नका.'"

टपरीवाला चहाचे दोन पेले घेऊन आला. एक व्याह्यांनी घेतला. दुसरा ट्रकच्या पायरीवर निवत राहिला.

परतीच्या वाटेवर व्याह्यांनी शेवटी तोंड उघडलं ते एवढंच विचारायला, "कॅन बघितलात का?" मास्तर "नाही" म्हणाले. ते खरंच होतं, पण फडक्याची गाठ सुटलेली दोघांना दिसत होती.

घरी पोचल्यावर मास्तर अंघोळ न करता खुर्चीत बसून राहिले. त्यांना दुसरा एक रस्ता दिसत होता आणि तो फार सोपा होता. उद्या म्हणायचं, सेन्सरची वायर सैल होती, आवळली, काम झालं. सगळ्या लाल पट्ट्या हळूच काढून टाकायच्या. व्याह्यांवरचा ठपकाही गेला आणि आपली अब्रूही राहिली. व्याही स्वतःहून कुणाला सांगणार नाहीत, ते तसले नव्हतेच. आणि नेमका तोच विचार मास्तरांना टोचत होता. तो माणूस गप्प बसेल याच भरवशावर तर त्यांनी ते वाक्य लिहिलं होतं.

सोमवारी ते ऑफिसात शिरले तेव्हा व्याही आधीच येऊन उभे होते. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. समोरची खुर्ची रिकामी असून ते बसले नव्हते. मॅनेजरबाईंच्या टेबलावर ते कार्ड होतं.

"मास्तर, तुम्ही लिहिलंय की..."

"ते खोटं आहे," मास्तर म्हणाले. "खोडा."

"म्हणजे पाणी नव्हतं?"

"कधीच नव्हतं."

"मग कारण काय?"

"कारण मी." मास्तरांनी खिशातून चुरगळलेली लाल पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. पंपाचं, दोन मिनिटांचं, खालच्या पिवळ्या पट्टीचं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं बोलणं पाच मिनिटांत संपलं.

बाईंनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे तो जुना पंप? सेन्सर?"

"चांगले होते. मी काढले."

"पण एक कळलं नाही. ही पट्टी एकोणीस गाड्यांना आहे ना? मग बाकीच्या अठरांना काही कसं झालं नाही?"

मास्तरांनी छताकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. अर्धी भुवई वर गेली.

"बाकीचे माझं ऐकत नाहीत, बाई. गाडी लावतात आणि फोन चार्जिंगला लावून निघून जातात. अख्ख्या यार्डात माझं ऐकणारा माणूस एकच होता. आणि मी त्याच्याच नावावर..."

बाईंच्या ओठांवर हसू आलं होतं, ते मास्तरांकडे पाहून मावळलं. बाईंनी जुनं कार्ड उभं-आडवं फाडलं आणि कोरं कार्ड पुढे सरकवलं. "हे नवीन भरा. पूर्ण भरा. वर पाठवायचंय."

मास्तरांनी पेन उघडलं. गाडी नंबर लिहिला, तारीख लिहिली. मग 'चालकाचे म्हणणे' हा रकाना आला, आणि हात सवयीने रेघ ओढायला डावीकडे गेला. तिथे तो थांबला. मास्तरांनी मान वर केली. व्याही अजून उभेच होते.

"बसा ना, व्याही," मास्तर म्हणाले. "बसा. आणि सांगा, काय लिहू?"

व्याही बसले. चिडून बोलले असते, ताडताड चार शब्द ऐकवले असते, तर मास्तरांनी ते मान खाली घालून घेतले असते. त्यांना तेच हवं होतं.

"लिहा," व्याही म्हणाले. "चालकाने, मास्तरांनी सांगितलं तसंच केलं."

मास्तरांनी लिहिलं. या वेळी अक्षर वळणदार आलं नाही. व्याह्यांनी कार्ड स्वतःकडे ओढून घेतलं, चष्मा लावला, शब्दन् शब्द वाचला आणि खाली सही केली.